टर्मिनलमधला वर्ड प्रोसेसर पॅकेज करणं म्हणजे नक्की काय काम असतं

सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) उतरवला, मेक ही आज्ञा मारली, प्रोग्रॅम चालला, झालं की, आता पॅकेज वेगळं काय करायचंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण स्वतःच्या मशीनवर बिल्ड करणं, म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, आणि पॅकेज करणं, म्हणजे इतरांना बसवता-काढता येईल असा तो बांधून देणं, ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. बिल्ड करताना मशीन एक, माणूस एक, काही अडलं तर समोर बसून दुरुस्त करता येतं. पॅकेज करताना मात्र तुम्हाला कधीच न भेटणाऱ्या माणसाच्या मशीनवर, कदाचित वेगळ्याच प्रोसेसरवर, वेगळ्या टर्मिनलमधे (फक्त अक्षरं दिसणाऱ्या, कीबोर्डने चालणाऱ्या खिडकीत) तो प्रोग्रॅम चालायला हवा, बाकी सिस्टीम अपडेट झाली तरी चालत राहायला हवा, आणि काढून टाकला तर मागे कचरा ठेवता कामा नये. आणि प्रोग्रॅम वर्ड प्रोसेसर असेल तर अजून एक गोष्ट येते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: त्यात कोणीतरी महिनोन्‌महिने काहीतरी लिहीत बसणार आहे. कॅल्क्युलेटर क्रॅश झाला तर परत उघडता येतो, लिहिलेलं गेलं तर गेलं.

आधी ही चीज काय ते बघू. व्हीआय, नॅनो हे टेक्स्ट एडिटर, त्यांना अक्षरं आणि ओळी कळतात, बास. वर्ड प्रोसेसरला परिच्छेद कळतो, हेडिंग कळतं, ठळक-तिरकं-अधोरेखित कळतं, ओळ आपोआप खाली वळवायची कळते, आणि शेवटी हे सगळं दुसऱ्या फॉरमॅटमधे बाहेर काढता येतं. टर्मिनलमधे चालणाऱ्यांपैकी आजचं चांगलं उदाहरण म्हणजे डेव्हिड गिव्हन यांचा वर्डग्राइंडर. तो मुळात सी आणि लुआ या भाषांत लिहिला गेला, एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, फॉन्ट निवडणं किंवा पानाची मांडणी असलं काही करत नाही, मुद्दामच नाही करत. नुसतं लिहायचं, आणि झालं की ओडीटी, एचटीएमएल, लाटेक वगैरे मधे एक्स्पोर्ट करायचं. या लेखात मी तोच डोळ्यासमोर ठेवतोय, पण यातलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही प्रोग्रॅमला लागू पडेल. सिस्टीम म्हणून मुख्यतः ओपनबीएसडी घेतलीय कारण तिची पोर्ट्सची, म्हणजे पॅकेज बनवायची कृती लिहून ठेवायची, पद्धत वाचायला सोपी आहे, आणि मधे मधे डेबियन ही लिनक्स. दोन्ही युनिक्सच्या वळणाच्या.

युनिक्स म्हणजे प्रोग्रॅमरांची सिस्टीम, तिथे वर्ड प्रोसेसर कशाला, असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा की युनिक्सचे पहिले खरे ग्राहक टायपिस्ट होते. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत युनिक्स बनवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या गटाला पीडीपी-११ हे मशीन हवं होतं तेव्हा त्यांनी मागणी केली ती टेक्स्ट तयार करायची सिस्टीम बनवतो म्हणून, आणि १९७१ मधे बेल लॅब्जच्या पेटंट विभागातले टायपिस्ट त्याच मशीनवर पेटंटचे अर्ज टाईप करायला लागले. म्हणजे टर्मिनलवर बसून मजकूर लिहिणं हे या सिस्टीमच्या जन्मापासूनचं काम आहे.

आता पॅकेज म्हणजे काय. डेबियनचं डेब पॅकेज उघडून बघितलं तर आत तीन गोष्टी सापडतात: फॉरमॅटची आवृत्ती सांगणारी एक छोटी फाईल, कंट्रोलची माहिती असलेला एक टार (अनेक फाईल्स एकत्र बांधलेली एक फाईल), आणि प्रत्यक्ष फाईल्स असलेला दुसरा टार. फाईल्सचा टार समजायला सोपा, कुठली फाईल कुठे जाणार एवढंच. खरी अक्कल कंट्रोलमधे असते: हे काय आहे, कोणती आवृत्ती, याला अजून काय काय लागतं, कशाबरोबर याचं जमत नाही, हे कोण सांभाळतं. ओपनबीएसडीत हीच माहिती पोर्ट नावाच्या एका छोट्या फोल्डरमधे राहते. त्यात एक मेकफाईल (बिल्डच्या सूचनांची फाईल), सोर्सचा चेकसम (फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा) ठेवणारी डिस्टइन्फो फाईल, आणि पीकेजी नावाच्या फोल्डरमधे वर्णनाची एक फाईल आणि पीलिस्ट म्हणजे कुठल्या फाईल्स बसणार त्याची यादी, लागलेच तर पॅचेस म्हणजे मूळ कोडमधले छोटे बदल. एवढंच. पोर्टमधे प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड नसतो, तो कुठून आणायचा आणि त्याचं काय करायचं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून अख्खं पोर्ट काही किलोबाईटचं असतं आणि तरी ते लिहायला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात.

मेकफाईलमधल्या सुरुवातीच्या ओळी सरळ असतात, नाव, आवृत्ती, कॅटेगरी, होमपेज, लायसन्स. एका ओळीत वर्णन लिहायचं असतं आणि ते ६० अक्षरांत बसलं पाहिजे. हे क्षुल्लक वाटेल, पण माणूस शोधताना हीच ओळ वाचतो, तेव्हा तिथे "शक्तिशाली आणि आधुनिक" असलं काही लिहून जागा वाया घालवू नये, टर्मिनलमधला वर्ड प्रोसेसर असं सरळ लिहावं. लायसन्सची ओळ मात्र गांभीर्याने घ्या. प्रोग्रॅमचं लायसन्स एमआयटी असलं तरी सोर्सच्या आत दुसऱ्यांचा कोड असतो, एखादी स्पेलिंगची डिक्शनरी असते, आयकॉन असतात, त्या प्रत्येकाचं लायसन्स वेगळं असू शकतं. डेबियनमधे तर कॉपीराईट नावाच्या फाईलमधे हे सगळं तपशीलवार लिहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण ते नीट केलं नाही तर पॅकेज वाटण्याचा हक्कच आपल्याला आहे की नाही हे माहीत नसतं.

मग सोर्स आणायचा. डिस्टइन्फोमधे त्या टारबॉलचा, म्हणजे सोर्सच्या टारचा, एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम आणि साईज असते, उतरवलेली फाईल त्याच्याशी जुळली नाही तर बिल्ड तिथेच थांबतं. चेकसमबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो, लोकांना वाटतं चेकसम जुळला म्हणजे सोर्स सुरक्षित. तसं नाही. चेकसम एवढंच सांगतो की पॅकेज करणाऱ्याने जी फाईल बघितली तीच ही फाईल आहे, त्या फाईलमधे काय दडलंय याबद्दल तो काही बोलत नाही. मार्च २०२४ मधे एक्सझेड युटिल्स या फाईल दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडला, आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशीनवर जायचा मार्ग) लॉगिन जरा हळू वाटलं म्हणून त्यांनी खोदलं आणि ते बाहेर आलं. त्या प्रकरणातली पॅकेजिंगवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हल्ला चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिट रिपॉझिटरीत (कोडमधले सगळे बदल नोंदवणाऱ्या साठ्यात) नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमधे घातली होती. चेकसम सगळ्यांचे बरोबर जुळत होते. तेव्हा नवीन आवृत्ती आली की जुना आणि नवा टारबॉल उघडून डिफ (दोन्हीतला फरक) बघणं, गिटशी ताडून बघणं, ही सवय लावून घ्या. वर्डग्राइंडरच्या आकाराच्या प्रोग्रॅमला ते सहज शक्य आहे.

उलटी अडचण पण येते. काही प्रोजेक्ट स्वतः टारबॉल बनवत नाहीत, गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर आपोआप तयार होणारा आर्काइव्ह वापरतात. जानेवारी २०२३ मधे गिटच्या कॉम्प्रेशनची पद्धत बदलल्यामुळे त्या आर्काइव्हचे चेकसम एकदम बदलले, आतला कोड तोच, पण जगभरची बिल्डं अडली आणि तो बदल मागे घ्यावा लागला. प्रोजेक्टच्या लेखकाला विनंती करून स्वतः अपलोड केलेला टारबॉल मिळवता आला तर उत्तम.

आता बिल्ड. इथे पहिला नियम, बिल्ड चालू असताना नेटवर्क नाही. ओपनबीएसडीत सोर्स उतरवणारा युजर वेगळा आणि बिल्ड करणारा वेगळा अशी सोय आहे, आणि बिल्ड करणाऱ्याला नेटच दिलेलं नसतं. आजकाल बरेच प्रोग्रॅम बिल्ड होता होता चुपचाप इंटरनेटवरून काहीबाही उतरवतात, ते इथे चालत नाही, आणि चालू नयेच, कारण उद्या ती साईट बंद पडली किंवा तिथली फाईल बदलली तर आजचं पॅकेज उद्या तसंच बनेल याची काही खात्री उरत नाही.

दुसरी गोष्ट डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड). अशा वर्ड प्रोसेसरला साधारण काय लागतं तर स्क्रीनसाठी एनकर्सेस, स्क्रिप्टसाठी लुआ, फाईल दाबण्यासाठी झेडलिब, ओडीटीसाठी झिप हाताळणारं काहीतरी, कारण ओडीटी म्हणजे मुळात एक्सएमएल भरलेली झिप फाईल. यातल्या लुआबद्दल जरा थांबून सांगतो. लुआ ५.१ आली २००६ मधे, ५.२ आली २०११ मधे, ५.३ २०१५ मधे, ५.४ २०२० मधे, आणि आकडे किती जवळजवळचे दिसत असले तरी या आवृत्त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. ५.१ मधलं अनपॅक नावाचं फंक्शन ५.२ मधे टेबल नावाच्या लायब्ररीत गेलं, सेटएफएनव्ही हे फंक्शन गेलंच. ५.३ मधे पूर्णांक आणि अपूर्णांक असे दोन वेगळे प्रकार आले, त्यामुळे १० भागिले २ केलं की ५.१ मधे ५ छापलं जातं आणि ५.३ मधे ५.०. आता विचार करा, प्रोग्रॅम ५.१ साठी लिहिलाय आणि तुम्ही तो ५.३ शी जोडला, बिल्ड व्यवस्थित झालं, सुरू पण झाला, आणि स्टेटस बारमधे पानाचा आकडा ५.० दिसायला लागला. हे कंपायलर कधीच सांगणार नाही. म्हणून कुठली लुआ ते मेकफाईलमधे स्पष्ट लिहायचं, मशीनवर जी सापडेल ती घे असं सोडायचं नाही. त्यात अजून भर म्हणजे पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी शोधून देणाऱ्या टूलला) लुआ कुठल्या नावाने सापडते ते प्रत्येक सिस्टीमवर वेगळं असतं, एका ठिकाणी मधे टिंब, दुसरीकडे डॅश, तिसरीकडे काहीच नाही, त्यामुळे लेखकाने लिनक्सवर बसून लिहिलेली बिल्ड स्क्रिप्ट बीएसडीवर पहिल्याच पायरीला "लुआ सापडली नाही" म्हणून थांबते.

बरेच लेखक ही कटकट टाळायला सगळ्या लायब्ररी सोर्सच्या आतच घालून देतात. लेखकाच्या बाजूने ते बरोबरच आहे, पॅकेज करणाऱ्याने मात्र शक्य तिथे त्या बाजूला काढून सिस्टीमच्या लायब्ररी जोडायच्या. कारण सांगतो. झेडलिबमधे मेमरी बिघडवणारी एक जुनी चूक होती, ती मार्च २०२२ मधे १.२.१२ आवृत्तीत दुरुस्त झाली. ज्यांचे प्रोग्रॅम सिस्टीमच्या झेडलिबशी जोडलेले होते त्यांचं एक अपडेट केलं की काम झालं. ज्यांनी आपली आपली कॉपी पोटात ठेवली होती तो प्रत्येक प्रोग्रॅम शोधून शोधून वेगळा बिल्ड करावा लागला, आणि शोधायचं कोणी हा प्रश्न होताच.

बाकी बिल्डमधे अडणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच आहेत. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-बॅश (बॅश या शेलचा, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता) लिहिलेलं असतं, बीएसडीवर बॅश मुळात येत नाही आणि घातला तरी युएसआर-लोकलखाली बसतो. मेकफाईल जीएनयूच्या मेकसाठी लिहिलेली असते, बीएसडीच्या मेकला त्यातलं अर्धं कळत नाही, मग जीमेक (तेच जीएनयूचं मेक) डिपेंडन्सीत टाका. फाईल्स कुठे बसवायच्या ते पाथ कोडमधे घट्ट बसवलेले असतात. बिल्डची तारीख-वेळ बायनरीत (बनलेल्या चालत्या फाईलमधे) छापलेली असते, त्यामुळे तोच सोर्स दोनदा बिल्ड केला तर दोन वेगळ्या फाईल्स बनतात. यावर सोर्स-डेट-इपॉक नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा आता सगळीकडे मान्य झालेला उपाय आहे.

आता टर्मिनल, कारण आपण पॅकेज करतोय ते टर्मिनलवर चालणारं आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात. टर्मिनल म्हणजे दोन दिशांनी वाहणारे बाईट, दुसरं काही नाही. प्रोग्रॅम अक्षरं पाठवतो, मधे मधे कर्सर इकडे ने, रंग बदल असे आदेश पाठवतो. जुन्या काळी प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे आदेश वेगळे होते, म्हणून आधी टर्मकॅप आणि नंतर टर्मइन्फो नावाचा डेटाबेस आला, टर्म या व्हेरिएबलमधलं नाव बघून तिथून आदेश उचलायचे. आजचे बहुतेक टर्मिनल डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० चा वारसा चालवतात, पण तंतोतंत सारखे अजूनही नाहीत. तेव्हा पॅकेज नुसतं आपल्या आवडत्या टर्मिनलमधे तपासून भागत नाही: साधा कन्सोल, एक्सटर्म, टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमधे अनेक टर्मिनल चालवणारे प्रोग्रॅम) यांच्या आत, आणि एसएसएचवरून, एवढ्या ठिकाणी तरी उघडून बघा. खिडकी लहान-मोठी करून बघा. बॅकस्पेस दाबून बघा, कारण काही टर्मिनल त्यासाठी एक कोड पाठवतात आणि काही दुसरा.

एस्केपची गंमत समजून घेण्यासारखी आहे. वर बाणाची कळ दाबली तर टर्मिनल एक बाईट पाठवत नाही, तीन पाठवतं: एस्केप, चौकोनी कंस, ए. म्हणजे प्रोग्रॅमला एस्केप मिळाला की त्याला कळत नाही, माणसाने एस्केप दाबला की बाणाची सुरुवात आहे. मग तो थोडा थांबून पुढचं काही येतंय का बघतो. एनकर्सेसमधे हे थांबणं मुळात १००० मिलिसेकंद आहे, म्हणजे अख्खा एक सेकंद. ज्या प्रोग्रॅमचा मेनू एस्केपने उघडतो, वर्डग्राइंडरचा उघडतोच, तिथे प्रत्येक वेळी एक सेकंद ताटकळणं म्हणजे प्रोग्रॅम अडकला असंच वाटतं. एस्केडिले नावाच्या सेटिंगने ते कमी करता येतं, प्रोग्रॅम स्वतः करत असेल तर चांगलंच, करत नसेल तर पॅकेजच्या रीडमीमधे लिहा. पण फार कमी केलं तर हळू नेटवर्कवर बाण तुटतो आणि मजकुरात चौकोनी कंस उमटायला लागतात, तेव्हा तो आकडा एसएसएचवरून तपासूनच ठरवा.

तसंच कंट्रोल-एसचं. वर्ड प्रोसेसर म्हटलं की बोटं आपोआप कंट्रोल-एस दाबतात. टर्मिनलमधे मात्र कंट्रोल-एस चा जुना अर्थ "आऊटपुट थांबव" असा आहे आणि कंट्रोल-क्यू चा "चालू कर". प्रोग्रॅमने टर्मिनल रॉ मोडमधे (ज्यात प्रत्येक कळ थेट प्रोग्रॅमकडे जाते) टाकलं नसेल तर सेव्ह करायला गेलेल्या माणसाची स्क्रीन गोठते, त्याला वाटतं हँग झाला, तो खिडकी बंद करतो, आणि लिहिलेलं जातं. एका कळीमुळे. पॅकेज पुढे पाठवण्याआधी तपासायच्या गोष्टींत ही माझ्या मते पहिल्या नंबरवर असावी.

मग अक्षरं. प्रोग्रॅमला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बाईटमधे लिहायची पद्धत) कळायला हवं तर एनकर्सेसची वाईड आवृत्ती जोडली गेली पाहिजे आणि प्रोग्रॅमने सुरुवातीला लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) सेट केलं पाहिजे. काही सिस्टीमवर साधी आणि वाईड अशा दोन वेगळ्या लायब्ररी असतात, चुकून साधी जोडली गेली तर इंग्रजी छान दिसतं आणि बाकी सगळं चिन्हांचा कचरा. आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर हे फार लागतं. "क्षी" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, आत त्याचे चार कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) आहेत, क, हलन्त, ष आणि दीर्घ ई ची वेलांटी, आणि यूटीएफ-८ मधे प्रत्येकाला तीन असे एकूण बारा बाईट लागतात. टर्मिनलची स्क्रीन म्हणजे सारख्या आकाराचे चौकोन. तर "क्षी" ला किती चौकोन द्यायचे? प्रोग्रॅम हे सिस्टीमच्या डब्ल्यूसीविड्थ नावाच्या फंक्शनला विचारतो, ते प्रत्येक कोडपॉइंटची रुंदी वेगवेगळी सांगतं, टर्मिनल स्वतःच्या टेबलवरून स्वतःचा हिशोब करतं, आणि दोघांचा हिशोब जुळला नाही की कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्या जागी खोडलं जातं. प्रत्येक सिस्टीमच्या टेबलचं मात्रांच्या रुंदीवर एकमत असेलच असं नाही. हे पॅकेज करणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतं हे खरं आहे, पण दोन ओळी देवनागरी टाईप करून, मधे खोडून, सेव्ह करून परत उघडून बघणं हातात असतं. स्क्रीनवर वेडंवाकडं दिसलं तरी फाईलमधे बाईट बरोबर गेले पाहिजेत, ही किमान अट.

बिल्ड झालं की इन्स्टॉल, पण खऱ्या सिस्टीमवर नाही. ओपनबीएसडीत याला फेक म्हणतात, एका खोट्या रूटच्या (सिस्टीमच्या मुळाच्या) फोल्डरमधे सगळं इन्स्टॉल करायचं आणि तिथून पॅकेज बांधायचं. डेबियनमधेही असंच, आधी तात्पुरत्या फोल्डरमधे. यातून काय काय बसलं ते दिसतं, आणि त्यावरून पीलिस्ट बनते. पीलिस्ट आपोआप तयार करता येते, पण ती आंधळेपणाने स्वीकारू नका, वाचा. बायनरी, मॅन पेज (टर्मिनलमधलं मदतीचं पान), डॉक्युमेंटेशनच्या फाईल्स, एवढं असायला हवं. टेस्टच्या फाईल्स बसल्या असतील तर काढा. मॅन पेज नसेल तर लेखकाकडे मागा, टर्मिनलवाला माणूस मदतीसाठी पहिल्यांदा मॅनच टाईप करतो. पॅकेज काढताना हीच यादी वापरली जाते, यादीत नसलेली फाईल मागे राहते. आणि युजरच्या होम फोल्डरमधलं काहीही, सेटिंग असो नाहीतर डॉक्युमेंट, पॅकेजने कधीच हात लावायचा नाही. इन्स्टॉल करताना नाही, काढताना तर बिलकुल नाही.

एक निर्णय इथे घ्यावा लागतो. वर्डग्राइंडरला टर्मिनलशिवाय एक्स-११ ची (युनिक्सवरच्या ग्राफिक सिस्टीमची) खिडकी उघडणारा अवतारही आहे. दोन्ही एकाच पॅकेजमधे घातले तर ज्याला फक्त सर्व्हरवर टर्मिनलमधे लिहायचंय त्याच्याही गळ्यात फॉन्टच्या आणि एक्सच्या लायब्ररी पडतात. डेबियनने म्हणून त्याचे दोन वेगळे पॅकेज केलेत, एक एनकर्सेसचं आणि एक एक्स-११ चं. ओपनबीएसडीत यासाठी फ्लेवर (एकाच पोर्टचे पर्यायी अवतार) किंवा एका पोर्टमधून अनेक पॅकेज असे मार्ग आहेत. मला डेबियनचा निर्णय योग्य वाटतो, टर्मिनलचा प्रोग्रॅम हलका असणं हे त्याचं अर्धं मोल आहे.

पॅचेसबद्दल. काहीतरी बदलावं लागतंच, पाथ, शेल, एखादं हेडर. पॅच शक्य तेवढा छोटा ठेवा, वर का केलाय ते लिहा, आणि मूळ लेखकाकडे पाठवा, त्याने घेतला तर पुढच्या आवृत्तीला तो सांभाळावा लागत नाही. आणि न समजलेली ओळ कधीही पॅच करू नका. डेबियनमधे २००६ साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या पॅकेजमधे तपासणीच्या टूलची वॉर्निंग घालवायला काही ओळी काढल्या गेल्या, त्यामुळे रँडम आकडे बनवण्याची ताकद जवळजवळ संपली, आणि हे उघड झालं मे २००८ मधे. मधल्या काळात बनलेल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अंदाज करता येण्याइतक्या कमकुवत होत्या, त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. हेतू चांगलाच होता, लेखकांच्या मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं, पण बदलाचा पूर्ण अर्थ दोन्ही बाजूंना नीट पोचला नाही. वर्ड प्रोसेसरमधे किल्ल्या नसतात, पण फाईल लिहिणारा कोड असतो, आणि तिथे वॉर्निंग गप्प करायला केलेला बदल असाच महागात पडू शकतो.

तपासणी वेगवेगळ्या प्रोसेसरवर का करायची याचं एक उदाहरण. सी भाषेत कॅर हा अक्षर ठेवायचा प्रकार साईन्ड (उणे आकडे चालणारा) की अनसाईन्ड (न चालणारा) हे ठरलेलं नाही. इंटेलवर तो साईन्ड असतो, एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाईन्ड. कोणी वाचलेला बाईट कॅरमधे ठेवून उणे एकशी तुलना करून फाईल संपली का बघत असेल तर इंटेलवर ते बहुतेक वेळा चालतं आणि एआरएमवर ते कधीच खरं होत नाही, लूप फिरतच राहतो. तोच कोड, तोच कंपायलर, वॉर्निंग चालू नसतील तर सूचना पण नाही. तसंच स्पार्क-६४ सारख्या बिग-एंडियन मशीनवर आकड्याचे बाईट उलट्या क्रमाने असतात, म्हणून एका मशीनवर सेव्ह केलेलं डॉक्युमेंट दुसऱ्यावर उघडून बघा. सगळी मशीनं तुमच्याकडे नसतील, नसतातच कोणाकडे, पोर्ट्सच्या मेलिंग लिस्टवर पाठवलं की ज्यांच्याकडे आहेत ते बिल्ड करून सांगतात. तिथे लोक बारीक बारीक चुका काढतात, डिपेंडन्सीचा क्रम, टॅबच्या जागी स्पेस, मनाला लावून घेऊ नका, त्यातूनच पॅकेज सुधारतं.

एकदा पॅकेज आत गेलं की सांभाळायचं काम सुरू होतं आणि ते संपत नाही. आवृत्ती तीच पण पॅकेजमधलं काही बदललं, समजा एक डिपेंडन्सी, तर ओपनबीएसडीत रिव्हिजनचा आकडा वाढवायचा, नाहीतर युजरच्या मशीनला अपडेट आहे हे कळतच नाही. एनकर्सेस किंवा लुआचा मोठा अपडेट झाला की परत बिल्ड, परत टर्मिनलमधली तपासणी.

आणि नवी आवृत्ती टाकताना डॉक्युमेंटच्या फॉरमॅटकडे बघायचंच. नवा प्रोग्रॅम जुनी फाईल उघडतो का हे तर लेखकही बघतो. पण नव्याने एकदा सेव्ह केलेली फाईल जुन्या प्रोग्रॅममधे उघडते का, हे बघायला कोणी जात नाही, आणि माणसाकडे घरचं मशीन नवं आणि सर्व्हर जुना असं सर्रास असतं. यासाठी मी सुचवेन की जुन्या प्रत्येक आवृत्तीत बनवलेलं एक डॉक्युमेंट जपून ठेवा, त्यात हेडिंग, ठळक, तिरकं, यादी, देवनागरी, आणि एक खूप लांब परिच्छेद असू दे, आणि प्रत्येक अपडेटच्या वेळी ते उघडा, सेव्ह करा, एक्स्पोर्ट करा, आणि आधीच्या एक्स्पोर्टशी डिफ लावा. फरक दिसला तर अपडेट थांबवा आणि लेखकाला लिहा. फॉरमॅट बदललाच असेल आणि मागे जाता येणार नसेल, तर ते इन्स्टॉल होताना स्क्रीनवर दिसेल असं लिहा, ओपनबीएसडीत पॅकेजला मेसेजची फाईल जोडता येते, डेबियनमधे न्यूज नावाची फाईल असते, आणि त्यात पहिल्याच वाक्यात सांगा की अपडेटनंतर पहिलं सेव्ह करण्याआधी जुन्या फाईलची एक कॉपी बाजूला ठेवा.